उपासांची यादी

झाशी, ३ ऑगस्ट १९५४

चि. अंबिका हीस,

परवा रविवारी सकाळी स्नानसंध्या आटोपून मी खंडेराव गेटाजवळच्या विश्रामधामात गेलो आणि तुझे पत्र हातात धरून आईची तपासणी केली. आठ महिन्यांनी तुझे अक्षर पाहिले. माझी विचारपूस एक ओळ आणि आईविषयी प्रश्न अकरा. नागपूरच्या इस्पितळात नर्सबाई असेच लिहीत असतील. शेवटी लिहिले आहेस की उत्तरे समाधानकारक नसतील तर तू येऊन आईला घेऊन जाशील. म्हणून सविस्तर लिहितो.

जागा. मोठे दालन, बायकांच्या बारा खाटा. पलीकडे पुरुषांच्या नऊ. जमीन फिनेलने पुसलेली होती. आईची खाट खिडकीपाशी आहे. चादर धुतलेली, वास नव्हता.

पाठ. तू सांगितल्याप्रमाणे आईला कुशीवर वळवून पाहिले. कुठे जखम नाही, लालीही नाही. वळवायला दुर्गा होती. ही इथली दाई, आमच्या रेल्वे यार्डातल्या जयसिंग खलाशाची बायको. हाताने धडधाकट आहे, तोंडानेही.

नखे कापलेली. केसांना तेल. डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन जातो. उजवा हात अजून उचलत नाही, बोलणे जड आहे, पण माणसे ओळखते.

जेवण. मी असतानाच पाने मांडली. वरण, भात, दोडक्याची भाजी, दोन पोळ्या, ताक. स्वयंपाकी सोवळ्यात वाढतो. आई आधी तोंड उघडेना. मी हात धुवायला बाहेर गेलो तेवढ्यात पान रिकामे झाले होते. दुर्गा भरवते. सगळीच म्हातारी माणसे भराभर जेवली.

वजनाचा काटा इथे नाही. पण पाय चांगले भरले आहेत. गुरसरायच्या घरी तिचे घोटे कसे काठीसारखे दिसत, ते आता गोल झाले आहेत. चेहरा तेवढा उतरला आहे, तो वयाने.

जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती तू विचारली नाहीस. इथे प्रत्येकाचे नेमधर्म सांभाळले जातात. ज्याचा जो वार, जी तिथी, ती चुकत नाही. परमुलखात आपल्या दक्षिणी मराठी माणसांनी हे चालवले आहे हे थोडे नाही. शेराबुकात मी तसे लिहूनही आलो: उपास-तापास काटेकोर पाळले जातात, पाहून संतोष झाला.

फाटकाशी गोविंदराव बसले होते. रेल्वेचे निवृत्त गार्ड, इथेच राहतात. मला म्हणाले, "काय तपासनीस, गाडी पास?" मी म्हटले, पास. "रविवारी सगळ्याच गाड्या पास होतात. इथं एकेका देवाला एकेक वार देऊन टाकलाय, आम्हाला रविवार उरलाय." म्हातारपणी माणसाची जीभ सुटते. मी हसलो नाही.

निघताना आईने माझी बाही धरून काही विचारले. नीट कळले नाही.

तेव्हा नागपूरचा विचार सोडून दे. तुझी वहिनी कमळा गेल्यापासून माझ्या घरात बाईमाणूस नाही आणि माझ्या पाळ्या तुला ठाऊक आहेत, म्हणून तिला इथे ठेवावे लागले. पण तुझ्याकडे का नाही, ते मी मार्गशीर्षातच कार्डावर कळवले होते: तुझ्या घरचे पाणी आई घेणार नाही. त्यात बदल नाही.

प्रकृतीस जपावे.

यज्ञेश्वर


झाशी, १२ ऑगस्ट १९५४

चि. अंबिका हीस,

तुझे उत्तर मंगळवारी आले. चार ओळी, मायना नाही. "दादा, या वयात पाय भरत नाहीत, सुजतात. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धर, काढ, आणि खळगा किती वेळ राहतो ते पाहा. न सांगता जा. रविवार सोडून जा."

आज पाळी उतरल्यावर सकाळी साडेनऊला तसाच गेलो. अंगावर यार्डातले कपडे होते. वाटेत मनाशी म्हणत होतो की ही पोरगी मला यार्डातल्यासारखे काम सांगते आहे. चाकावर हातोडी मारली की चिरलेले चाक आवाजाने कळते, तेवीस वर्षे तेच करतो आहे. पण आईच्या अंगाला तसा हात लावायची वेळ येईल असे वाटले नव्हते.

आईच्या पायावरचे पातळ सारले आणि अंगठा दाबला. तू किती मोजायचे ते लिहिले नव्हतेस, म्हणून रामाचा तेरा अक्षरी जप एकदा केला आणि अंगठा काढला. माझ्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता. मग पुन्हा जप सुरू केला. नवव्या जपाला तो भरून आला. दुसऱ्या पायाचे तसेच. नंतर दंड पाहिला. पाय भरले आहेत असे मी जिच्याबद्दल लिहिले तिचा दंड माझ्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात मावून बोट वर चढते.

आई माझ्याकडे पाहत होती.

दालनात कुणी बोलत नव्हते. बारापैकी आठ बायका भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. स्वयंपाकघरात गेलो. एक चूल पेटलेली, दोन थंड. स्वयंपाकी पाटावर बसून पोथी वाचत होता.

मी विचारले, "पानं किती वाजता?"

"आज नऊच पानं. बाकीचे उपासाला आहेत. गुरुवार ना."

"उपासाला काय देता?"

"चहा. अर्धं केळं."

"आणि संध्याकाळी?"

"म्हातारी माणसं संध्याकाळी लवकर झोपतात. पचत नाही त्यांना."

तो उर्मटपणाने बोलला नाही. पोथीचे पान न मिटता बोलला.

मागच्या अंगणात दुर्गा चादरी पिळत होती. मला पाहून म्हणाली, "आज कैसे आ गए भैयाजी? आज तो बृहस्पति है, आज तो भगवानजी भी छुट्टी पर हैं." मी म्हटले, नीट बोल. तिने चादर दोरीवर टाकली. "नीटच बोलते. सोमवार को भोले बाबा, गुरुवार को दत्त महाराज, शनीचर को हनुमानजी, बीच में ग्यारस-एकादशी. माताराम पूछती हैं, दुर्गा, आज कौन वार? मैं रोज इतवार बताती हूँ. अब मानती नहीं."

तेथून मी व्यवस्थापकांकडे गेलो. नारायणराव आपल्या समाजातले भले गृहस्थ, पेन्शन घेऊन बिनपगारी हे काम करतात. मी आवाज चढवला नाही. म्हटले, आईच्या पायांना सूज आहे, तिला खाणे कमी पडते आहे.

ते म्हणाले, "यज्ञेश्वरपंत, आम्ही कुणाला उपाशी ठेवत नाही. आम्ही कुणाचा उपास मोडत नाही, एवढंच. घरच्यांनी जे लिहून दिलंय त्याच्या बाहेर एक दाणा इकडेतिकडे नाही. हा घ्या फॉर्म."

त्यांनी कपाटातून फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला. मी पाहिला. सगळे रीतसर आहे. यापेक्षा जास्त आज लिहवत नाही.

सुजेवर तुझ्या विद्येत उपाय असेल तो कळव. नागपूरला नेण्याचे मात्र काढू नकोस.

यज्ञेश्वर


झाशी, १७ ऑगस्ट १९५४

अंबू,

तुझी तार काल सकाळी मिळाली. तारबाबूने मोठ्याने वाचली, खिडकीशी चार माणसे होती. "फॉर्म कोणी भरला. पातळ पेज दोन दोन तासांनी सुरू कर. एकदम जेवण नको."

फॉर्म मी भरला.

मार्गशीर्षात आईला दाखल केले त्या दिवशी नारायणरावांनी कागद पुढे केला. नाव, वय, गोत्र, आजार, आणि खाली "नेमधर्म व उपास" यासाठी तीन ओळी. मी तीन ओळी भरल्या आणि समासातही लिहिले. सोमवार, गुरुवार, शनिवार. दोन्ही एकादश्या, दोन्ही प्रदोष, संकष्टी, विनायकी, शिवरात्र. आईला विचारले नाही. ती बाकावर टेकून बसली होती. नारायणरावांनी वाचून हात जोडले आणि म्हणाले, अशी माउली आमच्या धामात येते हे आमचं भाग्य. मला फार बरे वाटले. शेजारी गोविंदरावांचा कानपूरचा मुलगा वडिलांचा फॉर्म भरत होता. त्याने माझा कागद पाहिला आणि वडिलांच्या नावापुढे सोमवार आणि शनिवार लिहिले. गोविंदरावांनी जन्मात उपास केलेला नाही. तिथे सगळ्यांनी असेच लिहून दिले आहे. कुणाला आपली आई दुसऱ्याच्या आईपेक्षा कमी दाखवायची नव्हती.

तुला घरचे उपास आठवतील. आई रताळी उकडायची, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, सायीचे दही. आपण दोघे तिच्या ताटात हात घालायचो आणि ती म्हणायची, उपास असला की माझं पोट भरतं, एरवी वाढण्यातच जातं. विश्रामधामाच्या उपासात ते काही नाही. शिवाय ते सगळे उपास एकदम कधीच नव्हते. शनिवार वडिलांच्या दुखण्यात धरला होता, ते गेल्यावर सुटला. सोमवार मला नोकरी लागावी म्हणून, त्याचे उद्यापन मी स्वतः पाटावर बसून केले. संकष्टी तुझ्यासाठी होती. अकराव्या वर्षी तू कुंकू पुसून परत आलीस तेव्हापासून, आणि नर्सिंगची परीक्षा पास झालीस तेव्हा तिने कुणाला न सांगता सोडली. मला ठाऊक होते. तरी मी लिहिली. फेडलेले, सुटलेले, सगळे उपास मी तिच्या अंगावर पुन्हा घातले. महिन्यातून बारा-तेरा दिवस तिला पान वाढतात.

आता उरलेले सांगतो, नाहीतर तू पुन्हा तार करशील.

गेल्या आषाढातल्या एकादशीला मी दर्शन घेऊन तिच्याकडे गेलो होतो. दुर्गा खाटेवर बसून आपल्या डब्यातली भाकरी गुळाशी कुस्करून आईला भरवत होती. आई डोळे मिटून खात होती. मी तिच्या तोंडात बोट घालून घास काढला. चूळ भरायला लावली. म्हटले, आई, आज एकादशी आहे आणि हिच्या हातचं खातेस? मग नारायणरावांकडे जाऊन दुर्गेविरुद्ध तक्रार केली. त्यांनी तिचा चार दिवसांचा पगार कापला. तिने घरी जयसिंगला सांगितले असणार, पण यार्डात त्याने मला एका शब्दाने विचारले नाही.

त्या दिवसापासून आई माझ्यादेखत तोंड उघडत नाही. रविवारी पान रिकामे झाले ते मी बाहेर गेल्यावर, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिले. का, ते लिहिले नाही.

बाही धरून तिने काय विचारले तेही मला कळले होते. "उद्या सोमवार का रे?" मी म्हटले, हो, श्रावणी सोमवार, आणि तिचे दोन्ही हात जोडून दिले.

आणि मार्गशीर्षातले कार्ड. तुझ्या घरचे पाणी घेणार नाही, हे वाक्य आईचे नव्हते. तिला तुझे पत्र मी वाचूनच दाखवले नाही. तू सगळ्या जातींचे मलमूत्र उपसतेस, त्याच हातांनी तिला जेवू घालशील, हे मला नको होते. मी आईच्या नावाने लिहिले म्हणजे तू वाद घालणार नाहीस हे मला माहीत होते.

काल तार खिशात घेऊन तसाच विश्रामधामात गेलो आणि फॉर्म मागितला. नारायणराव म्हणाले, "खोडताय? श्रावणात?"

"होय."

"मातोश्रींना विचारलंत?"

"लिहिताना विचारलं नव्हतं."

त्यांनी दौत पुढे केली. मी एकेक नाव खोडून खाली सही केली. ते म्हणाले, "तुमचा अधिकार आहे. पण याचा परिणाम बाकीच्यांवर होईल, तो विचार करा."

दुर्गेने जयसिंगकरवी तांदूळ आणवून पेज शिजवली. मी वाटी घेऊन खाटेपाशी बसलो. चमचा तिच्या ओठांना लावला. ओठ मिटलेले. म्हटले, आई, मी सांगतो, घे. तिने मान भिंतीकडे फिरवली. दुर्गेने माझ्या हातातून वाटी घेतली. "भैयाजी, तुम बाहर जाओ. तुम रहोगे तो नहीं खाएँगी." मी ओसरीवर आलो. खिडकीच्या फटीतून पाहिले. नऊ चमचे घेतले. प्रत्येक चमच्याआधी ती दाराकडे पाहत होती.

ओसरीवर गोविंदराव होते. म्हणाले, "तपासनीस, माझाही कागद खोडा ना." मी म्हटले, तो तुमच्या मुलाने खोडायला हवा. "मग त्याला लिहा, बाप नास्तिक आहे. सवलतीच्या दरात बाटलाय म्हणावं." मी पत्र लिहितो म्हणालो.

आईच्या शेजारच्या खाटेवर लीलाकाकू आहेत. त्यांनी दालनभर सांगितले की विधवा बाईने श्रावणी सोमवारी पेज प्यायली, आता कुणाचं पुण्य शिल्लक राहतंय. दुर्गा म्हणते, त्या हे बोलत होत्या तेव्हा त्यांची नजर वाटीवरून हलत नव्हती.

पेज दोन दोन तासांनी चालू आहे. दुर्गा असते तोवर.

दादा


झाशी, २५ ऑगस्ट १९५४

अंबू,

आई काल दुपारच्या गाडीने निघाली. तार मिळाली असेलच. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्या खोलीत असेल आणि दुर्गेने तुला तिच्या भाषेत सगळे सांगितले असेल. तिने सांगितलेले खरे मान. मी माझ्या बाजूने जे घडले ते क्रमाने लिहितो.

शनिवारी जन्माष्टमीला समितीची बैठक झाली. रविवारी सकाळी नारायणरावांनी मला बोलावले. म्हणाले, "एकीला मिळतंय आणि अकरा जणी बघतायत, हे चालणार नाही. दोन बायकांनी काल रडून गोंधळ घातला. एक तर यादी पूर्ववत करा, नाहीतर मातोश्रींना घेऊन जा."

मी म्हटले, "अकरा जणी रडल्या तर अकरा जणींना द्या."

"त्यांच्या घरच्यांनी लिहून दिलंय. मी कोण?"

"तुम्ही रोज त्यांना बघता."

त्यांनी फॉर्मांचे कपाट लावून घेतले. मग म्हणाले, "यज्ञेश्वरपंत, आषाढात तुम्हीच दाईची तक्रार घेऊन आला होतात. त्या दिवशी मी तुमचं ऐकलं. आज तुम्ही दुसरं सांगता. मी कोणत्या दिवशीचे तुम्ही खरे धरू?"

मी शेराबुक मागून घेतले आणि माझ्या जुन्या शेऱ्याखाली लिहिले की इथली माणसे भुकेली आहेत, पायांवर अंगठा दाबून कुणीही खात्री करावी, आणि वरचा शेरा मी लिहिला तो न पाहता लिहिला. पुन्हा भेटीला येऊ नये असे मला नंतर कळवण्यात आले. ते पान बुकात आहे की नाही, ठाऊक नाही. समाजातल्या सात घरी जाऊन मी हेच तोंडाने सांगितले. दोघे फॉर्म खोडून आले. चौघांनी चहा पाजून बोळवण केली. एकाने दार उघडले नाही. लीलाकाकूंचे कुणी झाशीत नाही. गोविंदरावांच्या मुलाचे कानपूरहून कार्ड आले आहे: वडिलांच्या परमार्थात आपण विघ्न आणू नये ही विनंती.

आईला रविवारीच टांग्यातून क्वार्टरवर आणले. दुर्गा विश्रामधामातले काम सोडून बरोबर आली, मी सांगितले नव्हते. मी रजा टाकली. वाटले होते, घरी आणल्यावर भीती जाईल. पण माझी वहाण वाजली की ती तोंडातला घोट बाहेर टाकायची. दुर्गेने मला चार वेळा अंगणात पाठवले.

सोमवारी मी एक गोष्ट केली. तेवीस वर्षांत श्रावणी सोमवार मोडला नव्हता. ताट वाढून घेतले, तिच्या खाटेसमोर पाट मांडला, आणि तिच्यादेखत भाकरी आणि डाळ जेवलो. म्हणजे तिला कळावे की आता तसले काही उरले नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. अर्धी भाकरी झाली तेव्हा तिने डाव्या हाताने आपले तोंड पुसले. जड जिभेने, एकेक शब्द सोडवत, ती म्हणाली, "मी नाही खाल्लं, यज्ञू. दुर्गेला विचार. मी नाही खाल्लं."

मी ताट उचलून बाहेर गेलो.

त्यानंतर विचार करायला काही राहिले नाही. माझ्या छपराखाली तिला अन्न लागणार नाही. मी कितीही बदललो तरी तिला ते कसे कळणार? तिच्या लेखी मी तोंडात बोट घालणारा माणूस आहे. ती भीती जायला वर्ष लागेल, आणि तिच्यापाशी वर्ष नाही, हे तुझ्याइतके नाही तरी मलाही दिसते.

दुपारी तिच्यापाशी जाऊन, जरा लांब बसून विचारले, "आई, अंबूकडे जाशील?"

"ती बोलावते?"

"आठ महिन्यांपासून बोलावते."

तिने माझ्याकडे पाहिले. "मग सांगितलं नाहीस."

तिने डाव्या हाताने पातळाचा पदर चाचपला आणि दुर्गेला म्हणाली, दुसरं पातळ काढ, हे मळलंय.

दुर्गेला मी विचारले, नागपूरपर्यंत जाशील का, आई बरी होईपर्यंत राहशील का. ती म्हणाली, "चली जाऊँगी. पर हमारे हाथ का खाएँगी सारे रस्ते, सोच लो. बाद में शिकायत मत लिख देना." मी म्हटले, आषाढात मी चुकलो. "हाँ, चूक तो गए," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली. जयसिंगला मी स्वतः जाऊन विचारले. तो हो म्हणाला, आणि महिनाभर स्वयंपाक आपल्यालाच करावा लागणार म्हणून कुरकुरला, तेवढेच.

मी बरोबर का आलो नाही, असे तू विचारशील. रजा होती, पास होता. पण मी डब्यात असतो तर त्या सगळ्या प्रवासात तिने पेजेचा एक घोट घेतला नसता.

आता तुझ्यासाठी. पेज पितळेच्या डब्यात दिली आहे, ती संपेल, पुढे तू पाहशील. सूज परवापेक्षा किंचित कमी आहे, खळगा सातव्या जपाला भरतो. तुझ्या मोजण्यात ते किती होते ते पाहून घे. खोलीत भिंतीवर तिथीवाराचे कॅलेंडर असेल तर उतरवून ठेव. तिने वार विचारला तर रविवार सांगू नकोस, दुर्गेने तो फार वेळा सांगितला आहे. काहीच सांगू नकोस, समोर ताट ठेव आणि तू आधी खायला लाग. माझे नाव काढले तर सांग की यज्ञू लांब आहे.

माझे उपास मी सोडलेले नाहीत. काल एकादशी होती, माझ्यापुरती मी पाळली. देवावर माझा राग नाही. त्याने माझ्याकडे यादी मागितली नव्हती. सकाळी पूजेला बसतो तेव्हा नैवेद्याची वाटी पुढे ठेवताना हात अडखळतो, एवढाच फरक पडला आहे. तो जाईल किंवा राहील.

तू यावेस असे लिहिण्याचा अधिकार मला नाही. मी तिकडे यावे की नाही, ते आई पोटभर जेवू लागल्यावर तिला विचारून कळव. ती नको म्हणाली तर नको. या वेळी तिचे वाक्य तिचेच लिही.

काल स्टेशनवर जयसिंगने आईला दोन्ही हातांवर उचलून बायकांच्या डब्यात नेले. मी पाय धरले होते, ते बाकावर ठेवले आणि लगेच उतरलो. तिच्या पाया पडलो नाही. दुर्गेने तिला खिडकीकडे पाठ करून टेकवले आणि डबा उघडला. मी पार्सलच्या ढिगाआड जाऊन उभा राहिलो. तिथून आईच्या गालाची एक बाजू दिसत होती. गाल हलत होता. गार्डाने शिट्टी दिली तरी मी पुढे झालो नाही. गाल हलतच होता, आणि गाडी सुटली.